उंच टाचेवर नीट चालायचं तर

हील्सवर चालायला फक्त आत्मविश्वास लागतो, असं मुलींना सर्रास सांगितलं जातं. "बिनधास्त चाल गं, काही होत नाही." मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. पोटरीत ताकद नसेल, सँडल अर्धा नंबर मोठी असेल आणि टाच तीन इंची पेन्सिल हील असेल, तर मुलगी कितीही धीट असली तरी तिचा घोटा कधी ना कधी मुरगळणारच. आधी पाय तयार करायचा, मग पायाला झेपेल अशी सँडल घ्यायची आणि मग चालायला लागायचं. एवढा क्रम पाळला की धीटपणा मागून येतोच, तो वेगळा शिकवावा लागत नाही.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत मुलींना स्टेजवर वावरायला शिकवते. लग्न ठरलेल्या मुली येतात, कॉलेजच्या फॅशन शोमध्ये उतरणाऱ्या येतात, एअरलाइनच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या येतात. मी स्वतः कार्यक्रमांचं निवेदन करते, त्यामुळे काठापदराची साडी नेसून, हील्स घालून तास न् तास माइकसमोर उभं राहणं माझ्या कामातच येतं. मुलींना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा आपल्या पायाविषयी. इथल्या मुलींचा पाय बहुधा उघड्या, सपाट चपलेत वाढलेला असतो. कोल्हापुरी घातली की पायाचा अंगठा चपलेच्या अंगठ्यात बसतो आणि आपण नकळत बोटांनी चप्पल धरून चालतो. मागून पट्टा नसतो, म्हणून पाऊल थोडं घासत आणि टाच जोरात टेकवत चालायची सवय लागते. त्या चपलेत ती चाल बरोबरच आहे. हील्समध्ये मात्र याच दोन सवयी आडव्या येतात. बोटं आवळून धरली की तळवा आखडतो आणि ताण थेट पोटरीपर्यंत जातो. टाच जोरात टेकवली की अंगाचं सगळं वजन त्या बोटभर टाचेवर क्षणभर एकटं पडतं, आणि तिथेच ती लटपटते. आणखी एक गोष्ट. उघड्या चपलेत वाढलेलं पाऊल पुढून पसरट असतं, आणि दुकानातल्या टोकदार बंद सँडल पुढून निमुळत्या असतात. चवडा दुखायला लागला की मुलींना वाटतं हील्स म्हणजे दुखणारच. बऱ्याचदा टाचेचा त्यात काही दोष नसतो, पुढची जागा कमी पडत असते.

मुळात उंच टाच चालण्यासाठी आलेलीच नाही. ती आली घोडेस्वारांकडून. इराणी स्वार टाचेचे जोडे घालायचे, कारण रिकिबीत पाय अडकून राहतो आणि घोड्यावर उभं राहून बाण मारता येतो. 17व्या शतकात ती टाच युरोपात पोचली, फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर लाल रंगाच्या टाचा मिरवायचा. आजची सुईसारखी बारीक टाच 1950च्या दशकात आली, तीही टाचेच्या आत धातूचा दांडा घालायची युक्ती सापडली म्हणून. हे मी मुलींना मुद्दाम सांगते. चालता येत नाही म्हटलं की त्या स्वतःला दोष देतात, आपण बेढब आहोत असं मनात घेतात. जी वस्तू चालण्यासाठी केलेलीच नव्हती, तिच्यावर पहिल्याच दिवशी छान चालता आलं पाहिजे असा हट्ट कशाला?

टाच वर उचलली की पायात काय होतं, तेही एकदा समजून घ्या. सपाट उभं असताना वजन टाच आणि चवडा यांच्यात वाटलेलं असतं. टाच जितकी वर, तितकं वजन चवड्याकडे सरकतं. दुसरं म्हणजे घोट्याचा सांधा. पायाचं जे हाड वरच्या दोन हाडांच्या खोबणीत बसतं, ते पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल सपाट असलं की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच वर गेली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणून हील्समध्ये पाय आत वळून घोट्याची बाहेरची बाजू मुरगळते. तो सैलपणा भरून काढायचं काम स्नायूंनाच करावं लागतं. पुढे मी व्यायामाबद्दल एवढा आग्रह का धरते, त्याचं कारण हे.

आता खरेदी. सँडल घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, आणि समारंभही बहुतेक संध्याकाळीच असतात. सकाळी बरोबर बसलेली सँडल रात्री रिसेप्शनला आवळते. दोन्ही पाय घालून बघा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, नंबर त्या पायाचा घ्यायचा. निघण्याआधी घरी एक काम करा. कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद कापून बरोबर न्या. पुढून बंद सँडल असेल तर तळ कागदावर ठेवून बघा. कागदाची कड तळाच्या बाहेर येत असेल तर ती सँडल तुमच्यासाठी नाही, मग ती साडीला कितीही मॅच होवो. "घालून घालून सैल होईल" असं दुकानदार म्हणेल. चामडं थोडं सैल होतं. रेक्झिन होत नाही.

मग सँडल काउंटरवर ठेवा आणि वरून बोटाने हलकेच ढकला. डुगडुगली तर परत द्या. टाच तुमच्या टाचेच्या बरोबर मधोमध खाली आली पाहिजे. काही सँडलींची टाच फार मागे, अगदी कडेला लावलेली असते. त्या दिसायला नाजूक दिसतात आणि चालताना मागे ओढतात. नंतर दोन्ही हातांनी सँडल वाकवून बघा. चवड्याच्या जागी वाकली पाहिजे, मधल्या कमानीत वाकता कामा नये. चांगल्या सँडलीत त्या कमानीखाली स्टीलची पट्टी असते, ती वजन धरते. स्वस्तात कधी कधी तिथे नुसता पुठ्ठा असतो. कमानीत वाकणारी सँडल तुमच्या वजनाखाली दर पावलाला थोडी थोडी दबते आणि टाच तिरकी व्हायला लागते.

उंचीचं म्हणाल तर शिकणारीने दीड ते दोन इंचांपासून सुरुवात करावी, टाच जाड म्हणजे ब्लॉक हील असावी, आणि घोट्याभोवती बक्कलाचा पट्टा हवाच. इथे एक हिशेब फार कुणी सांगत नाही. तीन इंच टाच सगळ्यांना सारखी नसते. 36 नंबरचा पाय लहान, त्यामुळे त्याला तीन इंचांचा चढ फार उभा पडतो. 41 नंबरवालीला तोच चढ बराच सोपा जातो. मैत्रिणीने घातलंय म्हणून आपण घातलं, असं करू नका, तिच्या पायाचा नंबर बघा. पुढे चवड्याखाली प्लॅटफॉर्म म्हणजे जाड तळ असेल तर तो वजा करायचा. चार इंच टाच आणि खाली एक इंच प्लॅटफॉर्म म्हणजे पायाला चढ तीनच इंचांचा. उंची हवी आणि चढ नको, तर हा चांगला मार्ग आहे. मात्र जाड प्लॅटफॉर्ममध्ये पायाला जमीन कळत नाही, म्हणून फार जाड घेऊ नका.

इथल्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, आता हील लावलेल्या कोल्हापुरीही मिळतात. मला त्या मनापासून आवडतात. पण बहुतेकींना मागून पट्टा नसतो आणि चामड्याचा तळ गुळगुळीत असतो. पट्ट्याच्या सँडलवर चाल पक्की बसू दे, मग त्या घ्या.

व्यायामाला वेगळी जागा किंवा साहित्य लागत नाही. भिंतीला हात टेकवून, अनवाणी, दोन्ही टाचा सावकाश वर उचलायच्या आणि त्याहून सावकाश खाली आणायच्या. खाली येताना घाई केली की अर्धा फायदा गेला. पंधरा वेळा, थांबून पुन्हा पंधरा वेळा. ते सोपं वाटायला लागलं की एका पायावर. मग एका पायावर नुसतं उभं राहायचं, दात घासताना उभं राहिलात तरी चालेल. सोपं झालं की डोळे मिटून उभं राहा आणि घोटा किती काम करतो ते बघा. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. खुर्चीत बसून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, म्हणजे घोटा सगळीकडे फिरतो. आणि शेवटी पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची, पोटरी ताणली जाईपर्यंत. हे शेवटचं कधी चुकवू नका. वर्षानुवर्षं रोज हील्स घालणाऱ्या बायकांची पोटरी आखूड होते आणि मग सपाट चप्पल घातली की मागची शीर ताणून दुखते. रोज ताण दिला तर ती वेळ येत नाही. उठाबशाही काढा. आपल्याकडे गल्लोगल्ली तालीम आहे, बैठकांनी पाय कसे होतात ते इथे कुणाला वेगळं सांगायला नको. दोन-तीन आठवडे हे केल्याशिवाय मी मुलीला सँडल घालू देत नाही. फारच जवळची तारीख असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मी टाचेची उंची कमी करायला लावते.

सँडल पायात घातली की लगेच चालायला निघू नका. आधी उभं राहायला शिका. आरशाला बाजू देऊन उभ्या राहा. कान, खांदा, कंबर आणि घोटा एका सरळ रेषेत आले पाहिजेत. नवशिकी दोनपैकी एक करते. पडायच्या भीतीने कमरेत पुढे वाकते, नाही तर तोल सावरायला पाठीची कमान करून पोट पुढे काढते. दोन्हींत कंबर दुखते. पोट किंचित आत घ्या, खांदे खाली सोडा. गुडघे ताठ कुलूपबंद करू नका. आखाड्यात पवित्रा घेतलेला पहिलवान गुडघे ताठ ठेवत नाही, कारण कुठूनही धक्का आला तरी तोल सावरता यायला हवा. तेवढीच सैल लवचीकता इथेही हवी. मग जागच्या जागी वजन डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे फिरवा. बोटं उघडी आहेत ना, आवळलेली नाहीत ना, हे मधून मधून तपासा. मी मुलींना सँडलीत पायाची बोटं हलवायला लावते. बोटं हलत असतील तर वजन नीट वाटलं गेलंय.

चालताना पहिली गोष्ट म्हणजे पाऊल लहान. सपाट चपलेत टाकता त्याच्यापेक्षा बरंच लहान. मोठं पाऊल टाकलं की टाच तिरकी टेकते आणि सरकते. जाड टाचेवर टाच आधी, आणि लगोलग चवडा. बारीक टाचेवर दोन्ही जवळजवळ एकदम टेकवायचं, टाच फक्त किंचित आधी. आवाज ऐका. "टक्-टक्" असा दोन तुकड्यांत जोरात आवाज येत असेल तर टाच आपटते आहे. पावलांचा आवाज हलका आणि सारखा यायला लागला की चाल बसायला लागली.

पाय कमरेतून पुढे आला पाहिजे. हे वाचून कळत नाही, म्हणून मी कशी शिकवते ते सांगते. कागलहून येणारी एक मुलगी होती, साखरपुडा ठरलेला. आमच्या हॉलमध्ये ती गुडघे वाकवून, जमिनीकडे बघत, दोन्ही हात अंगाला चिकटवून चालायची. चार पावलं टाकली की म्हणायची, "ताई, मी पडतो की आता!" मी तिला सँडल काढायला लावली आणि अनवाणी चवड्यावर चालायला सांगितलं. चवड्यावर चालताना गुडघा वाकवून चालत नाही, माणूस आपोआप उंच होतो आणि मांडीतून पाय पुढे घेतो. हॉलच्या दोन फेऱ्या तशा झाल्या. मग तिची नजर मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर लावली. हात सोडायला सांगितले, डावा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे, जसं आपण रोज चालतो तसं. मग सँडल घालून तीच फेरी. पहिल्या फेरीत तिची मान पुन्हा खाली गेली, मी नुसतं "घड्याळ" म्हटलं. दुसऱ्या फेरीत ती आवाज न करता भिंतीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबून माझ्याकडे बघून हसली. मान खाली घातली की डोक्याचं वजन पुढे जातं आणि त्याच्या मागे सगळं अंग. नजर दहा-बारा फुटांवर ठेवली तर वाटेतला खड्डाही आधी दिसतो आणि मानही सरळ राहते.

रॅम्पवर एका रेषेत, एका पावलासमोर दुसरं पाऊल टाकतात ते बघून घरी तसं करायला जाऊ नका. ती दिखाऊ चाल आहे आणि तोल त्यात सर्वांत कमी. पावलं एकमेकांच्या जवळ, पण दोन समांतर रेषांवर ठेवा. पंजे सरळ समोर. वळताना टाचेवर गिरकी घेऊ नका, चवड्यावर वळा, किंवा लहान लहान तीन पावलांत वळा. साडीत तर तीन पावलांतच वळावं, निऱ्या पायात येत नाहीत.

सराव घरातल्या फरशीवर, रोज दहा-पंधरा मिनिटं. जाड मोज्यांवर नवी सँडल घालून घरात फिरलात तर सँडल थोडी मोकळी होते आणि पायाला फोडही येत नाहीत. रोजची कामं करत फिरा, भांडी लावा, कपड्यांच्या घड्या घाला. नुसतं चालण्याकडे लक्ष देऊन चाललं की अंग ताठ होतं. हात कामात असले की चाल मोकळी होते. मग वेळ वाढवा. मग गच्ची, मग अपार्टमेंटचा पार्किंगचा उतार. उतार चढणं सोपं असतं, उतरणं अवघड, कारण पाऊल सँडलीत पुढे घसरतं आणि बोटं टोकाला जाऊन चेपतात. उतरताना पावलं आणखी लहान करायची आणि थोडं तिरकं चालायचं. रंकाळ्याच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी सराव करू नका. गर्दीत माणूस आडवा येतो आणि एकदम थांबावं लागतं. एकदम थांबणं हे हील्समधलं सर्वांत कठीण काम आहे.

जिन्याबद्दल नीट ऐका, कारण पडणं बहुतेक तिथेच होतं. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा. पायरी अरुंद असेल तर चवडा पूर्ण टेकवा आणि टाच मोकळी सोडा, पण अर्धी टाच कडेवर टेकवू नका. उतरताना अंग थोडं तिरकं करा, कठड्याला हात ठेवा, खालच्या पायरीवर पाऊल पूर्ण टेकल्यावरच वरचा पाय सोडा. नवरीने स्टेजवरून उतरताना नवऱ्याचा हात धरायला संकोच करू नये, तो हात त्यासाठीच आहे. हाताच्या पंज्याऐवजी कोपराच्या वरचा दंड धरा, आधार पक्का मिळतो. मंगल कार्यालयातल्या स्टेजच्या तात्पुरत्या लाकडी पायऱ्या लग्नाच्या आधी एकदा स्वतः चढून-उतरून बघा. वर अंथरलेल्या कार्पेटखाली फळ्यांमधली फट लपलेली असते आणि बारीक टाच तिथे बरोबर जाते. मी निवेदनाला गेले की कार्यक्रमाआधी सँडल घालून स्टेजचा कोपरान् कोपरा चालून येते. कार्पेट कुठे फुगलंय, वायर कुठून गेलीय, सगळं कळतं.

लॉनवर लग्न असेल तर पेन्सिल हील घालूच नका. टाच मातीत रुतते, आणि ओढून काढताना तोल जातो. ब्लॉक हील किंवा वेज, म्हणजे तळाशी सलग जोडलेली जाड टाच, घाला. पेन्सिल हील घातलीच असेल तर वजन चवड्यावर घेऊन चाला. टाचेच्या टोकाला बसवायच्या प्लास्टिकच्या रुंद टोप्या मिळतात, त्या जवळ ठेवा. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराच्या जाळ्या तिरक्या ओलांडा, जाळीवर तर नुसता चवडा टेकवा.

पावसाळ्याचं वेगळं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात रस्ता कधी कोरडा राहील याचा नेम नाही. कार्यालयांच्या पायऱ्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या असतात आणि सँडलचा तळ प्लास्टिकचा. या दोन्हींच्या मध्ये पाणी आलं की चांगल्या चालणारीचाही पाय सटकतो. नवी सँडल घेतली की घालायच्या आधीच तिला खालून रबराचा हाफ सोल लावून घ्या. खर्च थोडा आहे आणि त्याने पडायचं निम्मं भय जातं. हील्स घालून अ‍ॅक्टिव्हा चालवू नका. सिग्नलला पाय टेकवताना टाच खड्ड्यात गेली तर गाडीही जाते आणि घोटाही. सपाट चप्पल घालून जा, हील्स पिशवीत न्या, पोचल्यावर बदला. पन्हाळ्याला फोटोशूटला जाणाऱ्या जोडप्यांनाही हेच सांगते. तीन दरवाजाच्या दगडी वाटेवर सपाट चपलेने चाला, हील्स फक्त फोटोच्या वेळी घाला, आणि तेव्हाही एका जागी उभं राहून.

नवरी मुलींसाठी अजून दोन गोष्टी. साडी नेसायच्या आधी सँडल घाला आणि मग नेसा. सपाट उभं राहून नेसलेली साडी हील्स घातल्यावर वर जाते, पाय दिसायला लागतात. हील्सच्या उंचीने नेसलेली साडी सँडल काढल्यावर जमिनीवर लोळते. लग्नाच्या दिवशी मध्येच सपाट चप्पल घालायची असेल तर नेसवणाऱ्या ताईंना आधी सांगा, त्या मधली लांबी धरतात. घागरा शिवतानाही मापाला जाताना तीच सँडल न्यावी. आणि लग्नानंतर अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असेल तर पट्ट्यापट्ट्यांची सँडल घालून महाद्वारात जाऊ नका. शालूत वाकून दोन-दोन बक्कलं सोडायची आणि परत लावायची, त्यात निऱ्या सुटतात. त्या वेळेपुरती साधी सपाट चप्पल बरोबर असू दे.

खूप वेळ उभं राहायचं असेल, रिसेप्शनसारखं, तर दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून पुतळा होऊ नका. एक पाय अर्धं पाऊल पुढे ठेवा, थोड्या वेळाने दुसरा. पाहुण्यांची रांग थांबली की बसा. साडीच्या आड टाच सँडलमधून हलकेच वर काढून पाऊल मोकळं करता येतं, कुणाला दिसत नाही.

तरीही पाय मुरगळला तर? तिथेच थांबा. "काही नाही झालं" म्हणत तसंच चालत राहणं सर्वांत वाईट. सँडल काढा, पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. आपल्याकडे लगेच तेल लावून पाय ओढायची सवय आहे, कृपा करून ते करू नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेर आलेल्या हाडावर नुसतं बोट दाबलं तरी कळ जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा. आणि बरं झाल्यावर लगेच हील्स नकोत. एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम दुखऱ्या पायाने नीट जमेपर्यंत थांबा, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा सहज मुरगळतो.

दिवस भरलेल्या बाईने हील्स घालू नयेत, गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात आणि तोलही बदललेला असतो. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चवड्यावर जखम झालेली कळतही नाही, म्हणून त्यांनीही नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊ लागलं असेल तर टोकदार सँडल कायमची सोडा. कुणी कितीही आग्रह केला तरी, अगदी सासरच्यांनी केला तरी, पायाचं तुम्हीच ठरवायचं. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला मी स्वतः सांगून सपाट जरीच्या मोजडीवर लग्नाला उभं केलंय, आणि ती फार सुंदर दिसली.

घरी आल्यावर सँडल काढून थेट झोपू नका. पायरीवरचा पोटरीचा ताण दोन मिनिटं द्या, पाण्याची बाटली जमिनीवर ठेवून तळव्याखाली फिरवा, पाय भिंतीवर उंच करून पडून राहा. सलग दोन दिवस एकच हील घालू नका, उंची बदला.

शेवटचं काम सँडलचं. टाचेच्या टोकाला रबराची छोटी टिप असते. ती झिजली की आतला खिळा बाहेर येतो आणि फरशीवर धातू लागून सटकायला होतं. चालताना आवाज एकदम करकरीत यायला लागला की समजा टिप गेली. गटई काम करणाऱ्या मामांकडे जा. ते सँडल उलटी धरतात, पकडीने जुनी टिप खिळ्यासकट ओढून काढतात, नवी ठोकतात आणि रापीने कडा टाचेच्या बरोबरीला कापून देतात. पाच मिनिटांचं काम. टिपा दोन्ही पायांच्या एकदम बदला, एकीची नवी आणि दुसरीची झिजलेली असली की चाल लंगडते. मामांना बक्कलाचा पट्टाही बघायला सांगा, भोक सैल झालं असेल तर आरीने एक आत पाडून देतील. आणि तिथल्या तिथे, त्यांच्या समोरच, सँडल घालून दहा पावलं चालून बघा, मगच पैसे देऊन निघा.